चोर, शिपाई आणि गांवच्या गल्ल्या

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना थोडें हंसूं येईल. विषय आहे पळणें आणि पकडणें. ज्या खेळाला मुलें शिवाशिवी म्हणतात, चोर-शिपाई म्हणतात किंवा नुसतेंच पकडापकडी म्हणतात, त्या खेळाविषयीं साठी उलटलेल्या माणसानें चारचौघांसमोर बोलावें, हें जरा विचित्रच. परंतु ज्याला आपण पोरखेळ समजतों त्याच खेळावर गेल्या पन्नास वर्षांत मोठमोठ्या गणितज्ञांनीं आपली बुद्धि खर्च केली आहे. आणि त्यांतले कांहीं प्रश्न अद्याप कोणालाही सुटलेले नाहींत.

मी स्वतः गणितज्ञ नाहीं. मॅट्रिक होऊन मास्तर झालों आणि कुरुंदवाडांत उभा जन्म मुलांना पाढे, अपूर्णांक व त्रैराशिक शिकविण्यांत घालविला. सेवानिवृत्तीनंतर वेळ मिळाला, आणि माझा एक पुतण्या महाविद्यालयांत गणित शिकवितो, त्याच्याकडून हा विषय मीं थोडाबहुत समजून घेतला. तो समजून घ्यावासा वाटला, याला एक घरगुती कारण आहे. तें मी शेवटीं सांगेन.

आमचें कुरुंदवाड कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ वसलेलें आहे. पलीकडे नरसोबाची वाडी. पटवर्धन संस्थानिकांचें हें राजधानीचें ठिकाण. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. पण जुने वाडे, त्यांच्या मधले बोळ आणि नदीकडे उतरणाऱ्या वाटा मागें राहिल्या. असें एखादें गांव आपण डोळ्यांसमोर आणा. आतां पाटी-पेन्सिल घेऊन त्या गांवाचें एक फार साधें चित्र काढा. घरें नकोत, झाडें नकोत. जेथें दोन-तीन गल्ल्या एकत्र येतात तेथें एक ठिपका द्या, आणि प्रत्येक गल्लीबद्दल दोन ठिपके जोडणारी एक रेघ ओढा. ठिपक्यांचें आणि रेघांचें हें जें जाळें तयार झालें, त्याला गणितांत आलेख म्हणतात. गल्ली लांब कीं आंखूड, सरळ कीं वांकडी, याची येथें चौकशी नाहीं. कोठून कोठें जातां येतें एवढीच चौकशी आहे.

या जाळ्यावर खेळ असा. शिपायानें आधीं एका ठिपक्यावर उभें राहावें. तें पाहून चोरानें आपली जागा निवडावी. मग दोघांनीं आळीपाळीनें एकेक रेघ चालावी. कोणाला जागीं थांबावेंसें वाटलें तर थांबावें. दोघेही एकमेकांना पूर्ण दिसतात. शिपाई चोराच्या ठिपक्यावर पोंचला कीं चोर सांपडला. चोर कायमचा निसटत राहिला तर चोर जिंकला. विचारायचें इतकेंच कीं, अमुक एका गांवांत चोर हटकून पकडावयाचा, तर शिपाई किती लागतील?

प्रथम सोपें उदाहरण घेऊं. समजा, गांवांत एकच सरळ गल्ली आहे आणि तिच्या टोकाला भिंत आहे. शिपाई पावलापावलानें पुढें सरकतो, चोर मागें हटतो, आणि भिंतीशीं जाऊन सांपडतो. गल्लीला झाडाच्या फांद्यांसारखे फांटे फुटलेले असले, पण कोणताही फांटा फिरून दुसऱ्याला मिळत नसला, तरी निकाल तोच. शिपायाच्या पाठीमागें गेलेला मुलूख चोराला पुन्हां मिळत नाहीं, आणि प्रत्येक फांदीला शेवट हा असतोच. अशा गांवांत एक शिपाई पुरतो.

आतां एखाद्या मोठ्या वाड्याभोंवतीं चारी बाजूंनीं गल्ली असावी, असें धरा. चार कोपरे, चार गल्ल्या. शिपाई एका कोपऱ्यावर, चोर बरोबर समोरच्या. शिपाई एक कोपरा सरकला कीं चोर त्याच दिशेनें एक कोपरा सरकतो आणि पुन्हां समोर उभा राहतो. दिवसभर धांवा, महिनाभर धांवा. एकट्या शिपायाला तो सांपडणार नाहीं. यांत शिपायाच्या दमाचा दोष नाहीं, चोराच्या चपळाईचाही गुण नाहीं. दोष वाटेच्या आकाराचा आहे. दुसरा शिपाई आला कीं तोच चोर क्षणांत हातीं लागतो. ज्यानें लहानपणीं खांबाभोंवतीं किंवा तुळशीवृंदावनाभोंवतीं कोणाचा पाठलाग केला असेल, त्याला हें गणित शिकवावें लागत नाहीं.

मग एक शिपाई कोठें पुरेल आणि कोठें पुरणार नाहीं, हें चित्राकडे पाहून ओळखतां येईल काय? फ्रान्समधील किलियो यांनीं १९७८ सालीं, आणि नोवाकोव्स्की व विंक्लर या दोघांनीं १९८३ सालीं, याची एक सुंदर कसोटी दिली. ती चौथीच्या मुलालाही करतां येईल अशी आहे. पाटीवरील जाळ्यांत असा एखादा ठिपका शोधा कीं, ज्याच्या शेजाऱ्यांपैकीं कोणी एक शेजारी त्याच्या बाकीच्या सगळ्या शेजाऱ्यांशीं थेट जोडलेला आहे. असा ठिपका म्हणजे चोराच्या दृष्टीनें अडचणीची जागा. कारण त्या शेजाऱ्याच्या ठिकाणीं शिपाई येऊन बसला, तर पळण्याची प्रत्येक वाट त्याच्या हाताखालीं असते. तो ठिपका पुसून टाका. उरलेल्या चित्रांत पुन्हां तसाच ठिपका शोधा, तोही पुसा. असें करतां करतां शेवटीं एकच ठिपका उरला, तर एक शिपाई पुरेल. मध्येंच अडलें, तर पुरणार नाहीं. झाडासारख्या गांवांत प्रत्येक फांदीचें टोक पुसलें जातें, आणि बुंध्यापर्यंत येऊन एक ठिपका राहतो. वाड्याभोंवतींच्या चार कोपऱ्यांत मात्र पहिलाच ठिपका पुसतां येत नाहीं. आज रात्रीं मुलांना घेऊन आपल्या पेठेचा नकाशा काढून पाहा. कसोटी कोठें अडते तें दिसेल.

आतां मी आपणांस आपल्या एका अस्सल महाराष्ट्रीय खेळाकडे नेतों. तो खेळ म्हणजे आट्यापाट्या. नऊ पाट्या आडव्या आंखलेल्या, त्यांना मधोमध छेदणारी एक लांब सूरपाटी, आणि अगदीं शेवटची ती लोणपाटी. पाटी धरणाऱ्या गड्यानें आपली पाटी सोडावयाची नाहीं. खेळणाऱ्यानें हुलकावण्या देत एकेक पाटी ओलांडीत जावयाचें आणि फिरून परत यावयाचें. शिवाशिवींत पकडणारा मोकळा असतो. येथें तो एका रेघेला बांधलेला आहे. असा बांधलेला माणूस काय कामाचा, असें नवख्याला वाटतें. पण ज्यानें चांगला पाटीवाला पाहिला आहे त्याला ठाऊक आहे कीं, तो समोरच्या गड्याच्या मागें धांवत नाहीं. तो त्याच्या सावलीसारखा आपल्या रेघेवर सरकतो. गडी डावीकडे झुकला कीं हा डावीकडे, उजवीकडे झुकला कीं हा उजवीकडे.

हीच युक्ति गणितज्ञांनीं आपल्या जाळ्यांत आणली. गांवांतील दोन चौक घ्या आणि त्यांच्या मधली सर्वांत जवळची वाट ठरवा. त्या वाटेच्या एका टोकापासून चोर किती गल्ल्या लांब आहे, हें शिपायानें पाहावें, आणि आपण त्या वाटेवर तितक्याच गल्ल्या मोजून उभें राहावें. चोर वाटेच्या लांबीपेक्षांही दूर असेल, तर दुसऱ्या टोकाला उभें राहावें. प्रथम ती जागा गांठण्याला कांहीं पावलें लागतील. पण एकदां गांठली कीं काम सोपें होतें. चोर एका खेपेला एकच गल्ली चालणार. म्हणजे त्याचें अंतर फार तर एकानें वाढणार किंवा कमी होणार. आणि तेवढें सरकावयाला शिपायालाही एक पाऊल पुरणार. पुढें चोरानें त्या वाटेवर कोठेंही पाय ठेवला, तरी शिपाई लगेच त्याच चौकांत हजर! एक माणूस अशा रीतीनें संबंध वाट राखूं शकतो. वाट सर्वांत जवळची मात्र असली पाहिजे. वळसे घेणारी वाट अशी राखतां येत नाहीं, कारण तिच्यावरचीं पावलें आणि खरें अंतर यांचा मेळ बसत नाहीं.

या युक्तीच्या जोरावर आयग्नर आणि फ्रोम या दोन गणितज्ञांनीं १९८४ सालीं एक सिद्धांत प्रसिद्ध केला. तो असा कीं, गांव कितीही मोठें असो, त्यांत हजार चौक असोत कीं लाख, त्याचा नकाशा जर सपाट कागदावर रेघांना एकमेकींवरून जाऊं न देतां काढतां येत असेल, तर तीन शिपाई नेहमीं पुरेसे आहेत. रेघा चौकांतच मिळाल्या पाहिजेत; एक रस्ता दुसऱ्याच्या डोक्यावरून पुलानें गेलेला नसावा, इतकीच अट. सिद्धतेचा गाभा आपण आतां समजूं शकूं. दोघे शिपाई दोन वाटा राखतात आणि चोर त्या दोहोंच्या मधल्या भागांत कोंडला जातो. तिसरा त्या भागांतच आणखी एक वाट धरतो. आतां चोराचा मुलूख आणखी आंखडला, आणि पहिल्या दोघांपैकीं एकाची वाट राखण्याची गरज उरली नाहीं. तो मोकळा झाला. मग तो पुढची वाट धरतो. असें करीत करीत चोराची जागा संपते.

दोन शिपायांनींच कां भागूं नये, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला उत्तर म्हणून बारा पंचकोनी बाजूंचा एक ठोकळा घ्या. त्याला २० कोपरे असतात आणि प्रत्येक कोपऱ्यापासून तीन वाटा निघतात. त्यांत तीन किंवा चार कोपऱ्यांचें लहान वर्तुळ कोठेंच नाहीं, म्हणून एक शिपाई चोराच्या तीन वाटांपैकीं एकच वाट अडवूं शकतो. दोन शिपायांनीं दोन अडविल्या तरी तिसरी मोकळी राहते. येथें तीन शिपाई लागतातच, आणि सिद्धांताप्रमाणें तीन पुरतातही.

ज्या जाळ्यांत रेघांवरून रेघा जातात त्यांची गोष्ट निराळी. तेथें शिपायांची संख्या वाढत जाते. ती किती वाढेल? १९८५ सालीं मेनिएल या फ्रेंच गणितज्ञाचें एक अनुमान पुढें आलें. चौकांच्या संख्येचें वर्गमूळ काढा; त्याच्या एखाद्या ठराविक पटीइतके शिपाई प्रत्येक सलग जाळ्याला पुरतील, असें तें अनुमान आहे. म्हणजे चौक १०,००० असले तर शिपाई शंभराच्या कांहीं ठराविक पटीइतके. वाक्य किती साधें. परंतु तें खरें आहे हेंही कोणीं सिद्ध केलेलें नाहीं, आणि खोटें आहे हेंही नाहीं.

आपण म्हणाल, पण खरे खेळाडू असे आळीपाळीनें पावलें टाकीत नाहींत. मान्य आहे. तरीही आपल्या पूर्वजांनीं खेळांचे नियम बांधतांना हाच तराजू हातीं धरला होता, असें मला वाटतें. खो-खो पाहा. एका रांगेंत आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडें करून बसलेले, नववा पाठलागाला उठलेला, आणि पळणारे एका वेळीं तिघे. पळणाऱ्याला सगळें मैदान मोकळें. वाटेल तसें वळावें, रांगेंतून नागमोडी निघावें. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली रेघ ओलांडावयाची नाहीं, आणि एकदां खांबाची दिशा धरली कीं तो खांब गांठल्याशिवाय मागें फिरावयाचें नाहीं. म्हणजे एकाला सगळ्या वाटा दुतर्फा, दुसऱ्याला एकेरी. इतका अन्याय झाल्यावर पकडणारा कधींच जिंकला नसता. म्हणून त्याला एक देणगी दिली, ती म्हणजे ‘खो’. बसलेल्या गड्याच्या पाठीमागून खो दिला कीं पाठलाग त्या क्षणीं एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो. पळणारा शरीरानें धांवतो. पकडणाऱ्यांचा पाठलाग त्या शब्दानें उडी मारतो. पुण्यास १९१४ सालीं या खेळाचे नियम बांधण्याचें काम हातीं घेतलें गेलें, आणि १९२४ सालीं बडोद्याच्या जिमखान्यानें ते छापून प्रसिद्ध केले. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुषांत आणि महिलांत दोन्हींकडे भारतानें अंतिम सामन्यांत नेपाळचा पराभव केला. ज्या खेळाला पायांत जोडाही लागत नाहीं, तो इतका दूर गेला, याचा आम्हां जुन्या मास्तरांना आनंद वाटतो.

घरांत बसून खेळावयाचा असाच एक खेळ म्हणजे वाघ-बकरी. जुन्या देवळांच्या ओट्यांवर आणि गडांच्या फरसबंदीवर याचे पट कोरलेले आपण पाहिले असतील. बकऱ्या पुष्कळ पण दुबळ्या, वाघ थोडे पण उडी मारून बकरी खाणारे. वाघाला पकडावयाचें नसतें, कोंडावयाचें असतें. २५ ठिपक्यांच्या पटावर चार वाघ आणि वीस बकऱ्यांनीं हा खेळ मांडतात. नेपाळांत त्याला बाघचाल म्हणतात. गणकयंत्राच्या साहाय्यानें लिम आणि नीव्हरगेल्ट या दोघांनीं असें सिद्ध केलें आहे कीं, दोन्हीं बाजू बिनचूक खेळल्या तर हा डाव बरोबरीनें सुटतो.

येथवरच्या सर्व खेळांत चोर डोळ्यांना दिसत होता. तो दिसतच नसला तर? मुलांचा लपंडाव तो हाच. अमेरिकेंत ब्रिश नांवाचे एक गुहासंशोधक होते. अंधाऱ्या गुहेंत वाट चुकून भटकणाऱ्या माणसाला शोधावयाला निदान किती माणसें लागतील, असा प्रश्न त्यांना पडला. तो माणूस एका जागीं बसून राहील असा भरंवसा नाहीं. आपण एक भुयार तपासून दुसऱ्यांत शिरावें, तोंवर तो पहिल्यांत यावयाचा. पार्सन्स या गणितज्ञानें १९७६ सालीं या प्रश्नाला शास्त्राचें रूप दिलें. जेथें तीन भुयारें एका ठिकाणीं मिळतात, तेथें एकटा शोधणारा कधींच खात्रीनें शोध लावूं शकत नाहीं. दोघे असले तर एकानें तिठ्यावर उभें राहावें आणि दुसऱ्यानें एकेक भुयार पाहून यावें. जत्रेंत मूल हरवलें म्हणजे आई तिठ्यावर उभी राहते आणि बाप शोधत फिरतो. तिनें पार्सन्सचें नांव ऐकलेलें नसतें, पण तिचें गणित चुकत नाहीं.

पाठलागाचा विषय निघाला आणि कोल्हापूरकराला पन्हाळगड आठवला नाहीं, असें होणें शक्य नाहीं. १६६० सालचा जुलै महिना. सिद्दी जोहरच्या वेढ्यांतून शिवाजीमहाराज रात्रीं निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीद महाराजांच्या वेषांत पालखींत बसून शत्रूच्या हातीं गेला, आणि तेवढा वेळ पाठलाग चुकीच्या चोरामागें लागला. पुढें घोडखिंडींत बाजी प्रभु देशपांडे उभे राहिले. आमच्या पाटीवरच्या भाषेंत सांगावयाचें तर ती खिंड म्हणजे अशी रेघ कीं, ती अडविली असतां जाळ्याचे दोन तुकडे होतात. तेथें मोजकीं माणसें उभीं राहिलीं आणि मागून येणारी फौज थांबली. परंतु ती रेघ अडविण्याची किंमत गणितांत मांडतां येत नाहीं. ती खिंड पुढें पावनखिंड झाली. आमच्या कुरुंदवाडच्या घाटावर सेनापति संताजी घोरपडे यांची समाधि आहे. बलाढ्य मोंगल फौजांना हुलकावण्या देणारा, आणि १६९५ सालीं कासीमखानाला दोड्डेरीच्या गढींत कोंडणारा हा वीर १६९७ सालीं स्वकीयांच्याच पाठलागांत मारला गेला. त्या समाधीशीं उभें राहिलें म्हणजे मनांत येतें, कोण चोर आणि कोण शिपाई, हें इतिहासांत कितीदां बदलतें!

आतां सुरुवातीला सांगितलेलें कारण. तीही १९८४ सालचीच गोष्ट. सिद्धांत प्रसिद्ध झाला त्याच वर्षीं मीं तो कांहीं न वाचतां गांवच्या गल्ल्यांत करून पाहिला. मी तेव्हां पंचविशी ओलांडलेला, नोकरींत चारपांच वर्षें झालेला मास्तर होतों. वर्गांत एक मुलगा होता. त्याचें नांव मी सांगत नाहीं. गणितांत त्याचा हातखंडा; तोंडी हिशोबांत मला मागें टाकी. पण पौर्णिमा आली, शनिवार आला, कीं स्वारी बेपत्ता. तपासणी जवळ आलेली, पटावरील गैरहजेरी डोळ्यांत खुपणारी. मीं ठरविलें कीं आज याला धरून आणावयाचा.

सकाळीं तो मला एका वाड्याच्या कोपऱ्यावर दिसला. मी धांवलों, तो वळला. वाड्याभोंवतीं मीं तीन फेऱ्या मारल्या. प्रत्येक वेळीं तो समोरच्या कोपऱ्यावर. मग मीं शाळेच्या शिपायाला हांक मारली. आतां वाड्याचें वर्तुळ तुटलें, पण तो बोळांतून पलीकडच्या गल्लींत सटकला. शेवटीं आमचे एक तरुण सहकारी आले. एकजण घाटाच्या वाटेवर, एकजण बाजाराच्या तोंडाशीं, आणि मी मागून. तीन माणसें झालीं आणि पांच मिनिटांत तो नदीच्या पायऱ्यांवर माझ्या हातीं सांपडला. मीं त्याचें मनगट धरलें. त्याच्या दुसऱ्या मुठींत कांहीं नाणीं होतीं. ‘गुरुजी, एवढीं घरीं देऊन येतों, मग बसतों शाळेंत,’ असें तो म्हणाला. मीं तें बहाणा समजलों. तसाच त्याला शाळेंत आणला, सर्व मुलांदेखत उभा केला, आणि हजेरीपटावर त्याच्या नांवापुढें हजर असें मांडलें.

दुसऱ्या दिवशीं तो आला नाहीं. आठवड्यानें मी त्याच्या घरीं गेलों, तों दाराला कुलूप. शेजारणीनें सांगितलें कीं बाप कित्येक महिने अंथरुणाला खिळलेला होता. मुलगा वाडीला यात्रेकरूंना फुलें-नारळ विकून जे चार पैसे आणी, त्यांवर औषध येई. सगळें बिऱ्हाड इचलकरंजीला मागाच्या कामावर गेलें. पोरगा आतां शाळेंत जाणार नाहीं म्हणतो, असेंही ती सहज बोलून गेली. पुढें कित्येक वर्षें मी इचलकरंजीच्या बाजारांत त्या वयाचा चेहरा शोधीत असें. तो मला कधींच दिसला नाहीं. दिसणाऱ्या चोराला तीन माणसें पुरतात. न दिसणाऱ्याला मी एकटा कोठून पुरणार?

पुतण्यानें जेव्हां मला आयग्नर आणि फ्रोम यांचा सिद्धांत समजावून दिला, तेव्हां तो म्हणाला, ‘काका, तीन शिपाई नेहमीं पुरतात, हें किती आश्चर्य आहे!’ मी गप्प राहिलों. मला आश्चर्य वाटलें नाहीं; माझा अनुभवच तसा होता. गणित बिनचूक होतें. पकडल्यानंतर काय करावयाचें हा प्रश्न त्याच्या कक्षेंतला नव्हे. तो माझ्या कक्षेंतला होता, आणि तेथें मी चुकलों होतों. ज्यानें माझ्यापुढें मूठ उघडली त्याला मी ‘बाळ, घरीं काय आहे?’ इतकेंही विचारलें नाहीं.

त्यानंतरच्या नोकरींत कोणी मुलगा गैरहजर राहूं लागला कीं मी त्याच्या मागें गल्लींत धांवलों नाहीं. संध्याकाळीं त्याच्या घरीं जात असें, ओट्यावर बसत असें, चहा दिला तर घेत असें. कधीं कारण कळे, कधीं कळत नसे. त्यांतले पुष्कळ परत आले; कांहीं आले नाहींत. पण पळून गेलेल्याला परत यावयाची एक वाट मोकळी ठेवली, एवढें समाधान राहिलें. खेळांत शिपायाचें काम सगळ्या वाटा बंद करण्याचें असतें. शाळेंत आणि घरांत मोठ्या माणसांना एक तरी वाट उघडी ठेवावी लागते.

म्हणून, श्रोतेहो, आज घरच्या मुलांना पाटीवर गांवाचें जाळें काढावयास सांगा. चिंचोका चोर करा आणि कवड्या शिपाई करा. एक शिपाई पुरतो कीं दोन लागतात, तें त्यांचें त्यांना शोधूं द्या; उत्तर घाईनें सांगूं नका. मुलांना त्यांत गणित सांपडेल, आणि मोठ्यांना आपलें बालपण. आणि उद्यां सकाळीं एखादें पोर शाळेला जाण्याच्या वेळीं कोपऱ्याआड दडलेलें दिसलें, तर तिसरा माणूस बोलावण्यापूर्वीं त्याच्या मुठींत काय आहे, तें एकदां विचारून पाहा.